एकाच रंगमंचावर दोन सुपरस्टार अन् नायिकाही पुरुषच! काय होतं 1921 चं 'संयुक्त मानापमान'?

दोन आघाडीचे गायक एका गाण्यात आले, की आज त्याला 'कोलॅब' म्हणतात. टीझर येतो, रील्स फिरतात. मराठी रंगभूमीवर असाच प्रकार 105 वर्षांपूर्वी झाला होता. 8 जुलै 1921 ला मुंबईच्या ग्रँट रोडवरच्या बालीवाला थिएटरमध्ये एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या दोन नाटक कंपन्यांच्या मालकांनी एकत्र नाटक केलं. नायिका भामिनी झाले बालगंधर्व, नायक धैर्यधर झाले केशवराव भोसले. बालगंधर्व सगळ्यांना माहीत आहेत, त्यांच्यावर 2011 मध्ये सिनेमाही आला. केशवरावांचं नाव मात्र कोल्हापूरबाहेर बऱ्याच जणांना फक्त एका नाट्यगृहाच्या पाटीवरून ठाऊक असतं.

कोण होते केशवराव?

जन्म 9 ऑगस्ट 1890, कोल्हापूर. वडील लवकर गेले. घरची ओढाताण, म्हणून आई जानकीबाईंनी लहानग्या केशवला 'स्वदेशहितचिंतक' नाटक मंडळीत पाठवलं. तेव्हा नाटक कंपनी म्हणजे फिरतं घरच. जेवण तिथेच, झोप तिथेच, गाण्याची तालीमही तिथेच. मिसरूड फुटायच्या आधीच केशवराव गोविंद बल्लाळ देवलांच्या 'शारदा'मध्ये शारदा झाले. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या मुलीची ही गोष्ट. पोटासाठी घर सुटलेला एक पोरगा रोज रात्री ती मुलगी रंगवत होता.

पुरुषांनी बाईची भूमिका करणं हे तेव्हा नवल नव्हतं. आपल्याकडे मराठवाड्यातही तमाशाच्या गवळणीतली मावशी पुरुषच करतो आणि लोक पोट धरून हसतात. फरक एवढाच, की संगीत नाटकातल्या 'स्त्री'ला हसायचं नव्हतं. तिच्यासाठी रडायचं होतं, तिच्यासारखं नेसायचंही होतं.

17 व्या वर्षी मालक

1 जानेवारी 1908 ला हुबळीत केशवरावांनी स्वतःची 'ललितकलादर्श' कंपनी उभी केली. वय फक्त 17. संगीत नाटकाच्या धंद्यावर तेव्हा ब्राह्मण मंडळींचा वरचष्मा होता. त्यात कोल्हापूरच्या एका मराठा मुलाची कंपनी पहिल्या रांगेत जाऊन बसली, हे साधं नव्हतं. पुढे राजर्षी शाहू महाराजांचा आधार मिळाला. रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या नामवंत गवयाकडून गाण्याला धार आली. वीर वामनराव जोशींच्या 'राक्षसी महत्त्वाकांक्षा'त केशवराव मृणालिनी झाले. मामा वरेरकरांचं हुंड्यावरचं 'हाच मुलाचा बाप' याच कंपनीने आणलं. देवादिकांच्या कथांवर तिकिटं खपत असताना घरातल्या प्रश्नावर नाटक लावणं हा धंद्याच्या दृष्टीने जुगारच होता. हळूहळू केशवराव स्त्री-भूमिकांकडून पुरुष-भूमिकांकडे वळले.

एकत्र यायचं कारण काय?

लोकमान्य टिळक 1 ऑगस्ट 1920 ला गेले. त्यांच्या नावाने काँग्रेसने टिळक स्वराज्य फंड सुरू केला, उद्दिष्ट होतं 1 कोटी रुपये. त्यासाठी हा संयुक्त प्रयोग ठरला. नारायण श्रीपाद राजहंस या मुलाला 'बालगंधर्व' हे नाव टिळकांमुळे मिळालं असं मानलं जातं. तोच गायक आता टिळकांच्या फंडासाठी गाणार होता. नाटक निवडलं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 1911 चं 'मानापमान', गोविंदराव टेंबे यांच्या चालींचं. श्रीमंत भामिनी गरीब सेनापती धैर्यधराला नाकारते, मग साध्या मुलीच्या वेषात त्याचं शौर्य पाहते आणि त्याच्याच प्रेमात पडते.

तिकिटांचे दर नेहमीपेक्षा कितीतरी चढे होते, तरी थिएटर भरलं. भामिनी 33 वर्षांची, धैर्यधर 30 वर्षांचा! बालगंधर्वांचं गाणं मधाळ, लडिवाळ. केशवरावांचं चढ्या आवाजाचं, तडफदार, तानांनी सळसळणारं. मायक्रोफोन नव्हता. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत जायचं ते नुसत्या गळ्याच्या जोरावर. शिवाय 'वन्समोअर'ची प्रथा. लोकांनी मागितलं की तेच पद पुन्हा, मग पुन्हा. संगीत नाटकं रात्र सरेपर्यंत चालत ती यामुळेच. अशा वेळी समोर तोडीस तोड गवई असेल तर गळ्याचं काय होत असेल, विचार करा.

त्या रात्री जिंकलं कोण, हा वाद जुने रसिक पुढे कित्येक वर्षं घालत राहिले. आमच्या मते तो वादच फिजूल. दोघांपैकी एकालाही मानधन न्यायचं नव्हतं, पैसा फंडाचा होता. प्रयोग इतका गाजला की पाठोपाठ 'सौभद्र'ही दोघांनी मिळून केलं.

88 दिवस

त्यानंतर केशवरावांना विषमज्वर झाला. विषमज्वर म्हणजे टायफॉइड. प्रतिजैविकं यायला अजून काही दशकं होती, ताप उतरायची वाट पाहणं एवढाच उपाय. 4 ऑक्टोबर 1921 ला पुण्यात ते गेले. वय 31. 'संयुक्त मानापमान'ला जेमतेम 88 दिवस झाले होते. बालगंधर्व पुढे 1967 पर्यंत जगले, त्यांच्या ध्वनिमुद्रिका घराघरांत वाजल्या, 1964 मध्ये पद्मभूषणही मिळालं. दोघांच्या प्रसिद्धीत एवढं अंतर का पडलं, त्याचं बरंचसं उत्तर या 46 वर्षांत आहे.

कंपनी मात्र बंद पडली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती सांभाळली, पुढच्याच वर्षी वरेरकरांचं 'सत्तेचे गुलाम' आणलं. नंतर त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी 'दुरितांचे तिमिर जावो'सारखी नाटकं गाजवली.

'मानापमान' हे नाव जानेवारी 2025 मध्ये सुबोध भावे यांच्या 'संगीत मानापमान' या सिनेमातून पुन्हा मोबाइलवर आलं. त्याच्या पाच महिने आधी केशवरावांचं नावही बातम्यांत होतं, पण वेगळ्या कारणाने. शाहू महाराजांनी 1915 मध्ये कोल्हापुरात खासबाग मैदानाला लागून 'पॅलेस थिएटर' बांधलं होतं. त्याचंच पुढे 'संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह' झालं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री त्याला आग लागली. रंगमंच आणि छत जळून गेलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.