गोदी कामगारांचे हॅरी ब्रिजेस

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोदी कामगारांचे नेते हॅरी ब्रिजेस हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे. २८ जुलै १९०१ रोजी मेलबर्न येथे त्यांचा जन्म झाला. किशोरवयातच ते खलाशी झाले, १९२० मध्ये अमेरिकेत उतरले आणि दोन वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदीत मालाची चढउतार करू लागले.

त्या काळी तेथे रोज सकाळी फेरी बिल्डिंगसमोर कामगारांची गर्दी उभी राही आणि मुकादम तीतून हवी ती माणसे निवडत. जड बोजाबद्दल कुरकुर करणाऱ्याकडे दुसऱ्या दिवशी कोणी पाहतही नसे. मर्जी राखण्यासाठी मुकादमाचे हात ओले करावे लागत, ते वेगळेच. टोळ्याटोळ्यांत शर्यत लावली जाई. घाईत रचलेला माल खच्चून भरलेल्या स्लिंगमधून डोक्यावर कोसळे, पाय चिरडले जात. ब्रिजेस स्वतःही या कामात जखमी झाले होते. दोर आणि हुकापेक्षा ही सकाळची निवडच अधिक घातक होती, हे त्यांच्या लढ्याचे खरे इंगित म्हणावे लागेल.

९ मे १९३४ रोजी किनाऱ्यावरील बंदरे संपामुळे ठप्प झाली. ५ जुलैला सॅन फ्रान्सिस्कोत पोलिसांच्या गोळीबारात दोघांचा बळी गेला. पाठोपाठ शहरात सार्वत्रिक संप झाला. ऑक्टोबरमधील लवादाने कामवाटप केंद्र मालक व संघटना यांच्या संयुक्त कारभाराखाली आणले. पाळीने काम मिळू लागल्यावर धोकादायक बोजा नाकारणे कामगाराला परवडू लागले. पुढे स्लिंगमधील वजनावर २१०० पौंडांची, म्हणजे सुमारे ९५० किलोंची मर्यादा आली.

सरकारने मात्र त्यांना कम्युनिस्ट ठरवून देशाबाहेर घालवण्याचा वर्षानुवर्षे प्रयत्न केला. सर्वोच्च न्यायालयाने १९४५ आणि १९५३ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिले.

१९६० चा यांत्रिकीकरण करार हा त्यांच्या कारकिर्दीतील वादग्रस्त अध्याय. कायम नोंदणी असलेल्या कामगारांना रोजगाराची व निवृत्तिलाभाची हमी घेऊन त्यांनी यंत्रांना वाट मोकळी करून दिली. वजनाचे जुने नियमही सैल झाले. पाठीवरचे ओझे यंत्राने उचलावे, हा विचार रास्तच होता. पण हमीबाहेर राहिलेल्या तरुण कामगारांची नाराजी त्यांना अखेरपर्यंत पुसता आली नाही.

१९७७ मध्ये ते संघटनेच्या अध्यक्षपदावरून निवृत्त झाले. ३० मार्च १९९० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचे निधन झाले.