पाऊस शोधणाऱ्याला गवसलेली थंडी

संख्याशास्त्राच्या तासाला सहसंबंध शिकवताना मी दरवर्षी एक इशारा देतो. दोन आकड्यांच्या ओळी बरोबरीने चढल्या-उतरल्या, म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. हे सांगताना मला हटकून सर गिल्बर्ट वॉकर आठवतात. आज त्यांच्याविषयी थोडे सांगावेसे वाटते.

वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी इंग्लंडमधील रॉचडेल येथे झाला. केंब्रिजच्या गणित परीक्षेत १८८९ साली ते पहिले आले. अतिश्रमाने प्रकृती ढासळली म्हणून काही हिवाळे त्यांना स्वित्झर्लंडमध्ये काढावे लागले. बूमरँग फेकण्याचा त्यांना भारी नाद. त्या विषयावर त्यांनी शोधनिबंधही लिहिला. मात्र हवामानशास्त्राचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. तरीही १९०४ साली भारतातील वेधशाळांचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले.

१८९९ च्या भीषण अवर्षणाची आठवण तेव्हा ताजी होती. पुढचा पाऊस कसा होईल हे आधी सांगता आले, तर लाखो जीव वाचतील, हा ध्यास घेऊन वॉकर कामाला लागले. त्यांनी जगभरच्या ठाण्यांचे हवेचा दाब, तापमान आणि पर्जन्य यांचे आकडे जमवले. संगणक नव्हते, कचेरीतले भारतीय कारकून हाताने बेरजा-गुणाकार करीत. हजारो सहसंबंध तपासले, तर त्यांतला एखादा निव्वळ योगायोगानेही मोठा निघतो, हे वॉकर यांनी स्वतःच दाखवून दिले होते.

या आकडेमोडीतून तीन मोठे झोके हाती आले: एक पॅसिफिक आणि हिंदी महासागरांमधला, दुसरा उत्तर पॅसिफिकवरचा आणि तिसरा उत्तर अटलांटिकवरचा. आइसलँडजवळ हवेचा दाब कमी असतो, अझोर्स बेटांजवळ जास्त. हिवाळ्यात हा फरक वाढला, की पश्चिमेचे वारे जोर धरतात आणि समुद्रावरची उबदार हवा युरोपात नेतात. फरक घटला, की हे वारे मंदावतात. मग ध्रुवाकडची आणि सायबेरियाची गोठलेली हवा युरोपात घुसते. डेन्मार्कमध्ये कडाका असतो तेव्हा ग्रीनलंडचा हिवाळा सौम्य असतो, हे तिथल्या एका धर्मोपदेशकाने अठराव्या शतकातच टिपून ठेवले होते. वॉकर यांनी त्या निरीक्षणाला आकड्यांचे बळ दिले.

याच काळातली आणखी एक गोष्ट आपण विसरू नये. १९१३ साली मद्रासला गेले असता त्यांनी बंदर कचेरीतील एका कारकुनाची गणिते पाहिली आणि त्याला शिष्यवृत्ती मिळावी म्हणून विद्यापीठाला पत्र लिहिले. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन.

वॉकर १९२४ साली निवृत्त होऊन मायदेशी परतले आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजात प्राध्यापक झाले. मोसमी पावसाचे भरवशाचे भाकीत मात्र त्यांना साधले नाही. त्यांची सूत्रे पुढे लंगडी पडली. झोके दिसत होते, पण ते का झुलतात हे सांगता येत नव्हते, म्हणून अनेकांनी शंका घेतल्या. ४ नोव्हेंबर १९५८ रोजी, नव्वदाव्या वर्षी, ते निवर्तले.

त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १९६२-६३ मध्ये, इंग्लंडने १७४० नंतरचा सर्वांत कडक हिवाळा भोगला. अटलांटिकचा झोका तेव्हा उलट्या टोकाला गेला होता. २००९-१० च्या हिवाळ्यातही तेच घडले. १९६९ साली ब्यर्कनेस यांनी पॅसिफिकच्या झोक्याची सांगड समुद्राच्या तापमानाशी घातली आणि तिथल्या वायुचक्राला वॉकर यांचे नाव दिले.

ज्या प्रश्नासाठी हा माणूस भारतात आला, तो त्याला सुटला नाही. पण तो सोडवताना मांडलेल्या आकड्यांनी दूरच्या मुलखातल्या थंडीचे मर्म उलगडले. म्हणून वर्गातला माझा इशारा आता थोडा बदलला आहे. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे खरेच. पण कारण कुठे शोधायचे, ती दिशा तो दाखवू शकतो. उत्तर चुकले म्हणून वहीतली आकडेमोड खोडू नका. ती दुसऱ्या कुणाच्या तरी प्रश्नाचे उत्तर असू शकते.