कमला सोहोनी : अटीवर प्रवेश मिळालेली संशोधक

मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्रातील पदवी घेऊन कमला भागवत यांनी १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. वडील आणि काका तिथेच शिकलेले. मात्र मुलगी म्हणून संचालक सर सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. त्या अडून बसल्या, तेव्हा वर्षभर काम पाहून ठरवू, या अटीवर प्रवेश मिळाला. एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिने अभ्यासली. वर्षभरात रामन यांचे मत बदलले आणि संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले.

पुढे केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी आढळले. पेशींच्या श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे पोहोचवणारे हे प्रथिन. अवघ्या ४० पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली.

१९४७ मध्ये लग्नानंतर त्या मुंबईला आल्या आणि तिथल्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. विद्यार्थ्यांना त्यांनी गरिबांच्या आहारातले विषय दिले : कडधान्ये, नीरा. नीरेतील जीवनसत्त्वे आणि लोह कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर स्त्रियांना उपयोगी पडतात, हे या कामातून दिसले. त्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे त्या याच संस्थेच्या संचालक झाल्या. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.