जस्टिन ॲबट : नाव आणि कार्य

महिपतींच्या संतचरित्रांना इंग्रजीत आणणारे जस्टिन एडवर्ड्‌स ॲबट (१८५३–१९३२) भक्तिसाहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहेत ते मुख्यतः संदर्भसूचींतून. आणि सूचींत त्यांच्या व्यक्तिनामाचे बहुधा एक आद्याक्षरच उरते. ते नाव मात्र लक्ष देण्याजोगे आहे. लॅटिनमधील ‘युस्तुस’ म्हणजे न्यायी. त्यापासून ‘युस्तिनुस’ हे नाव साधले. त्याच्या मुळाशी असलेल्या ‘युस्’ या शब्दाचे नाते भाषाशास्त्रज्ञ कल्याणवाचक वैदिक ‘योस्’शी जोडतात. दुसऱ्या शतकात रोममध्ये हौतात्म्य पत्करलेला तत्त्वज्ञ संत आणि पुढे बायझंटाइन साम्राज्याचे दोन सम्राट यांनी ते धारण केले. इटालियनमध्ये ते जुस्तीनो झाले, स्पॅनिशमध्ये हुस्तीनो, पोलिशमध्ये युस्तिन, वेल्शमध्ये येस्तिन. आद्य व्यंजन जवळजवळ प्रत्येक सीमेवर बदलले. अर्थ तेवढा टिकला. मराठीत ते इंग्रजीच्या वाटेने आले, म्हणून त्यातील ‘ज’ तालव्य, ‘जरा’ या शब्दातील नव्हे.

वडिलांचे नाव ॲमॉस, म्हणजे हिब्रू संदेष्ट्याचे, मुलाचे रोमन. न्यू इंग्लंडच्या धर्मनिष्ठ कुटुंबांत जुन्या करारातील नावांचा प्रघात मोठा होता. ॲमॉस ॲबट हे अमेरिकन मराठी मिशनचे. या मिशनचे पहिले धर्मोपदेशक १८१३ मध्ये मुंबईस उतरले होते, आणि १८३१ मध्ये अहमदनगर येथे त्यांचे ठाणे पडले होते. पुत्रानेही तेच क्षेत्र पत्करले आणि मुंबईस दीर्घकाळ सेवा केली. त्या कालखंडातील त्यांचे पुरातत्त्वविषयक लेखन, विशेषतः भोर संस्थानातील नाडसूर परिसराच्या बौद्ध लेण्यांविषयीचे, आज विस्मृतीत गेले आहे.

त्यांच्या विद्वत्तेचा खरा कस लागला तो निवृत्तीनंतर. १९२३ मध्ये लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी एक महत्त्वाचा शोध मांडला. फादर थॉमस स्टीफन्स (पोर्तुगीजांचे एस्तेवाँव) यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले होते. मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखितात ॲबट यांना त्याच काव्याचे संस्कृतप्रचुर रूप आढळले, आणि तेच मूळ असा निष्कर्ष त्यांनी काढला. हा निष्कर्ष सर्वमान्य झाला नाही. देवनागरी पाठ हे उत्तरकालीन संस्करण असावे, हे मतही बलवत्तर आहे. तथापि पुराणाची लिपी हा केवळ मुद्रणाचा प्रश्न नसून वाचकवर्गाचा प्रश्न आहे, हे त्या चर्चेमुळे ध्यानी आले. माझ्या मते त्यांच्या निष्कर्षापेक्षा हे फलित मोलाचे आहे.

न्यू जर्सीतील समिट गावी राहून त्यांनी ‘महाराष्ट्रातील संतकवी’ ही इंग्रजी मालिका प्रकाशित केली. १९२६ मध्ये भानुदास, १९२७ मध्ये एकनाथ, १९२९ मध्ये बहिणाबाई, १९३० मध्ये तुकाराम असा तिचा क्रम. यांपैकी बहिणाबाईंचे आत्मचरित्रपर अभंग सोडता प्रमुख आधार महिपतींचा (१७१५–१७९०). ज्यांच्या धर्माचा प्रचार हे आयुष्यभराचे कार्य नव्हे, त्यांच्या चमत्कारकथा जशाच्या तशा अनुवादणे मिशनरी पंथातील माणसास सोपे नव्हते. ॲबट यांनी चमत्कार गाळले नाहीत, त्यांची टवाळीही केली नाही. या संयमाची किंमत त्यांनी शैलीत मोजली. ओवीचा झोक आणि कीर्तनाची लय त्यांच्या गद्यात सापडत नाही. शब्दास शब्द ठेवण्याच्या आग्रहाने वाक्ये क्वचित खडबडीत होतात. तरीही मूळ ग्रंथ हाती नसलेल्या संशोधकास हाच खडबडीतपणा उपकारक ठरतो.

जबलपुरात नाभादासांचा ‘भक्तमाल’ आणि महिपतींचा ‘भक्तविजय’ (१७६२) शेजारी ठेवून शिकविताना हे विशेष जाणवते. महिपतींनी आपल्या आधारांत ग्वाल्हेरी बोलीतील नाभाजींचा आणि माणदेशीच्या उद्धवचिद्‌घनांचा निर्देश कृतज्ञतेने केला आहे. कबीर, सूरदास, नरसी मेहता यांच्या कथा उत्तरेकडून मराठीत कशा उतरल्या, हे हिंदीभाषी विद्यार्थ्यास दाखवावयाचे तर मध्यस्थ म्हणून ॲबट यांचाच अनुवाद पुढे करावा लागतो. नर्मदातीरीच्या वर्गात हा मार्ग न्यू जर्सीवरून जातो, याचे नवल वाटते खरे.

‘भक्तविजया’चे सत्तावन्न अध्याय इंग्रजीत छापलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९३२ मध्ये ते निवर्तले. दोन खंड १९३३ आणि १९३४ मध्ये निघाले, त्यावर पंडित नरहर गोडबोले यांचे नाव सहअनुवादक म्हणून आहे. परकीय विद्वानांच्या ग्रंथांत देशी पंडितांचे श्रम प्रस्तावनेतील एका आभारवाक्यात संपविण्याची रूढी असताना मुखपृष्ठावरील ते नाव लक्षणीय वाटते. ‘भक्तलीलामृता’वरील १९३५ च्या खंडावर गोडबोले यांच्यासमवेत जे. एफ. एडवर्ड्‌स यांचेही नाव आले.