उलिक रिचर्डसन एव्हान्स

उलिक रिचर्डसन एव्हान्स (३१ मार्च १८८९ – ३ एप्रिल १९८०) हे धातूंच्या गंजण्याच्या, म्हणजेच संक्षारणाच्या, आधुनिक शास्त्राचा पाया घालणारे इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ होते. गंज धातूवर सर्वत्र सारखा न पसरता मोजक्या ठिपक्यांतच खोल का उतरतो आणि त्यात यदृच्छेचा वाटा किती, हा प्रश्न त्यांनी प्रयोगाच्या कक्षेत आणला.

जीवन

एव्हान्स यांचा जन्म लंडनजवळील विम्बल्डन येथे झाला. मार्लबरो कॉलेज व केंब्रिजचे किंग्ज कॉलेज येथे त्यांचे शिक्षण झाले. पहिल्या महायुद्धातील सैनिकी सेवेनंतर १९२१ मध्ये ते केंब्रिजला परतले आणि पुढील सर्व संशोधन त्यांनी तेथेच केले. १९४९ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

संशोधन

१९२६ मध्ये त्यांनी लोखंडावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवून केलेला प्रयोग आजही शिकवला जातो. पाण्यात मिसळलेल्या दर्शकामुळे थेंबाचा मध्य निळा व कडा गुलाबी होते. कडेला हवेतील ऑक्सिजन सहज पोचतो. मध्यभागी तो कमी पडतो आणि तेथेच लोखंड विरघळते. गंजाचे कडे मात्र या दोहोंच्या मध्ये जमते. १९२७ मध्ये त्यांनी लोखंडावरील अदृश्य संरक्षक ऑक्साइड पापुद्रा वेगळा काढून दाखवला. असा पापुद्रा असावा, हा फॅरेडे यांचा तर्क तोवर वादग्रस्तच होता.

त्यांचे सर्वांत दूरदर्शी काम मात्र संभाव्यतेचे होते. सारख्याच लोखंडावर सारखेच थेंब ठेवले, तरी काहींखाली गंज सुरू होई, काहींखाली होत नसे. आर. बी. मिअर्स यांच्यासह त्यांनी गंज सुरू होण्याची संभाव्यता आणि सुरू झाल्यावरचा वेग या दोन राशी वेगळ्या मोजल्या. ऑक्सिजन वाढवल्यास गंजणाऱ्या थेंबांची संख्या घटली. पण जेथे गंज सुरू झाला, तेथे तो अधिक वेगाने वाढला. नळाची भिंत सरासरी गंजाने नव्हे, तर एकाच खोल छिद्राने निकामी होते. त्यामुळे केवळ सरासरी वेगावर विसंबणे अभियंत्यांना महागात पडू शकते. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत स्टेनलेस स्टीलच्या कठड्यांवर तुरळक तपकिरी ठिपके उमटतात, तेही याच जातीचे. क्लोराइडमुळे पापुद्रा एखाद्याच ठिकाणी फुटतो.

१९७६ मध्ये जपानचे शिबाता व ताकेयामा यांनी स्टेनलेस स्टीलवरील छिद्रे पडण्याची क्रिया यादृच्छिक प्रक्रिया म्हणून मांडली. 'द करोजन अँड ऑक्सिडेशन ऑफ मेटल्स' (१९६०) हा एव्हान्स यांचा प्रमुख ग्रंथ होय.