जमीन मागणारा गुन्हेगार कसा ठरतो? कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या जीवनाचा धडा

श्रीवर्धनला येणारा पाहुणा नारळी-पोफळीच्या वाड्या पाहतो, समुद्र पाहतो आणि परत जातो. त्या वाड्यांच्या मागे, डोंगराच्या कडेला आणि गावाच्या गायरानाला लागून आमच्या माणसांची घरे आहेत. काही बौद्धवाड्या आहेत, काही कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. तिथली कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपासून राहतात, नाचणी-वरी करतात, मोलमजुरीला जातात. पण सातबाऱ्यावर त्यांचे नाव नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात छप्पर उडाले, तेव्हाही पहिला प्रश्न हाच होता की घराखालची जमीन कोणाच्या नावावर आहे. आणि कधी नोटीस आली, तर तिच्यावर एकच शब्द असतो, अतिक्रमण.

या शब्दाची आम्हांला भीती वाटते. बोलणारा कार्यकर्ता असेल तर त्याच्यावर गुन्हा दाखल होतो, तारखा सुरू होतात, मजुरी बुडते आणि हळूहळू वाडी गप्प होते. अशा वेळी आम्हांला कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांची आठवण होते. ज्या माणसाने लाखो भूमिहीनांना ताठ मानेने तुरुंगात नेले, त्याचे जीवन आज जयंती-पुण्यतिथीच्या चार ओळींत संपते. ते नीट समजून घेण्याची गरज आम्हांला वाटते.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यातल्या आंबे या गावी महार कुटुंबात झाला. महारकीचे वतन म्हणजे काय, हे त्या काळच्या प्रत्येक महार पोराला माहीत होते. गावाची आणि सरकारची रात्रंदिवस चाकरी करायची आणि त्या बदल्यात तुटपुंज्या वतनी जमिनीच्या तुकड्यावर व बलुत्यावर जगायचे. जमीन होती, पण ती माणसाला बांधून ठेवणारी होती. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले ते याच कारणाने. भाऊराव बाबासाहेबांच्या चळवळीत आले आणि नाशिक जिल्ह्यातील त्यांचा सर्वांत भरवशाचा माणूस ठरले. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली अनेक पत्रे आज उपलब्ध आहेत. ती वाचली की हा विश्वास किती खोल होता ते कळते.

१९२७ साली आपल्याच जिल्ह्यात, महाडला, चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. तळे सार्वजनिक होते आणि नगरपालिकेने ते अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव आधीच झालेला होता. तरीही पाणी पिणाऱ्यांना मार खावा लागला आणि पुढे कोर्टात प्रतिवादी म्हणून उभेही राहावे लागले. उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने लागला. घोटभर पाण्यासाठी दहा वर्षे गेली. हक्क मागणाऱ्यालाच आरोपीच्या जागी उभे करायचे आणि त्याला तारखांत अडकवायचे, ही रीत काही आजची नाही.

२ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व बाबासाहेबांचे होते, पण तो रोजच्या रोज चालवण्याचा भार दादासाहेबांवर होता. मंदिराचे दरवाजे बंद झाले, सत्याग्रही दारांसमोर बसले, अटका झाल्या. रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी परदेशी गेले तरी नाशिकची आघाडी थांबली नाही. तुकड्या तयार करणे, त्यांच्या भाकरीची सोय करणे, तुरुंगात गेलेल्यांच्या घराकडे पाहणे ही कामे दादासाहेब वर्षानुवर्षे करत राहिले. लोकांना संघटितपणे, शिस्तीने आणि उघडपणे अटकेला सामोरे कसे न्यायचे, हे ते इथे शिकले.

त्याच १९३० सालच्या २५ सप्टेंबरला आपल्या जिल्ह्यात चिरनेरला जंगल सत्याग्रहावर पोलिसांनी गोळीबार केला. मरण पावलेल्यांत नाग्या महादू कातकरी हा आदिवासी तरुण होता. खैराच्या लाकडापासून काथ काढणारे म्हणून ज्यांना कातकरी हे नाव मिळाले, त्यांचे जंगलात जगणेच इंग्रजांच्या जंगल कायद्यांनी गुन्हा करून टाकले होते. नाशिकचे मंदिर आणि चिरनेरचे जंगल या वेगवेगळ्या चळवळी होत्या, त्यांचे नेते वेगळे होते. पण दोन्हीकडे माणसाची चूक एकच होती. ज्या जागेवर त्याचाही हक्क आहे, तिथे त्याने पाय ठेवला होता.

१९३७ मध्ये दादासाहेब स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून गेले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. जातीचा प्रश्न आणि जमिनीचा प्रश्न वेगळे काढता येत नाहीत, हे त्या पक्षाचे सूत्र होते. दादासाहेबांनी ते अखेरपर्यंत सोडले नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा झाली आणि दोन महिन्यांच्या आत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. समाज पोरका झाला. १९५७ च्या निवडणुकीत दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर गेले. ते संयुक्त महाराष्ट्र समितीच्या पुढाऱ्यांपैकी एक होते. त्याच वर्षी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि लवकरच त्यात फूटही पडली. त्या फुटीत जमिनीचा प्रश्न कळीचा होता. पक्षातल्या काही शिकलेल्या मंडळींचे म्हणणे असे की राज्यघटना आल्यानंतर सत्याग्रहाचा मार्ग सोडावा, हे खुद्द बाबासाहेबांनीच संविधान सभेत सांगितले आहे. मग आपणच तो कसा धरायचा?

हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. बाबासाहेबांनी तो इशारा दिला होता हे खरे आहे. पण घटनात्मक मार्ग खरोखर मोकळे असतील, ही त्यामागची अट होती. १९५३ मध्ये मराठवाड्यात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने पडीक जमिनींसाठी सत्याग्रह केला, तो बाबासाहेबांच्या हयातीत. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत खेड्यातल्या भूमिहीन माणसासाठी आपल्याकडून पुरेसे झाले नाही, ही खंत त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवली होती. दादासाहेबांनी त्या खंतीला आदेश मानले.

१९५९ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. वतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये आला होता. चाकरीच्या जोखडातून सुटका झाली, पण पोटाला जमीन कुठून आणायची हा प्रश्न उरला होता. सरकारच्या ताब्यात पडीक जमीन होती, गायराने होती, झाडे नसलेली जंगलाची जमीन होती. ती भूमिहीनांना कसायला द्या, ही मागणी होती. सत्याग्रही त्या जमिनीत उतरत आणि अटक करून घेत. बौद्धांबरोबर इतर जातींचे भूमिहीन आणि आदिवासीही त्यात आले.

खरा मोठा लढा १९६४ चा. १ ऑक्टोबर १९६४ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांचे निवेदन देण्यात आले. कसेल त्याला जमीन, पडीक जमीन भूमिहीनांना, धान्याच्या भावावर नियंत्रण, झोपडपट्ट्यांची सुधारणा, १९४८ च्या किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी, बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र अशा त्या मागण्या होत्या. उत्तर समाधानकारक आले नाही. ६ डिसेंबर १९६४ ला, महापरिनिर्वाण दिनी, देशभर सत्याग्रह सुरू झाला आणि फेब्रुवारी १९६५ पर्यंत चालला. ३ लाखांहून अधिक लोक तुरुंगात गेले. कडेवर लेकरे घेतलेल्या बाया त्यांत होत्या. दादासाहेब तेव्हा राज्यसभेचे खासदार होते. दिल्लीत बसून निवेदने देत राहणे त्यांना सहज शक्य होते.

इथे त्यांची पद्धत लक्षात घेतली पाहिजे. एकट्या-दुकट्या माणसाने रात्री कुंपण सरकवले तर तो अतिक्रमण करणारा ठरतो, आणि गावही त्याला तसेच म्हणते. तीच गोष्ट हजारो माणसे दिवसाढवळ्या, आधी निवेदन देऊन, हातात काठी न घेता करतात, तेव्हा सरकारला उत्तर द्यावे लागते. कायद्याने शिक्षा दिली तर ती भोगायची, पण मान खाली घालायची नाही. गुन्हेगार हा शिक्का पुसण्याचा त्यांचा मार्ग असा होता.

पुढे काय झाले? १२ एप्रिल १९९० रोजी संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लागले. त्याच वर्षी बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. ज्या मागण्यांसाठी आमचे आजी-आजोबा कैदी झाले, त्या पंचवीस वर्षांनी सरकारी समारंभाचा भाग झाल्या. मागणी तीच होती, माणसे तीच होती.

जमिनीचे मात्र तसे झाले नाही. गायरानावरील जुनी अतिक्रमणे नियमित करण्याचे शासन निर्णय १९७८ आणि १९९१ मध्ये निघाले, पण अनेकांची नोंदच झाली नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे स्वतःच मान्य केले आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा ग्राह्य धरला. आपल्या जिल्ह्यात इंग्रजांच्या काळापासून कातकरी आणि ठाकर दळीच्या जमिनी कसत आले. त्यांचे दावेही याच कायद्याखाली करावे लागतात. आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींना तर तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा मागितला जातो. दावा फेटाळला गेला की तोच माणूस पुन्हा अतिक्रमण करणारा. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला होता. १५ दिवसांनी त्याला स्थगिती मिळाली. त्या पंधरा दिवसांत देशभरच्या वाड्यांची झोप उडाली होती.

या दाव्यांत एक गोष्ट आम्हांला नेहमी विचार करायला लावते. जुन्या काळी जंगल खात्याने अतिक्रमणाबद्दल दंड केला, त्याच्या पावत्या ज्या म्हाताऱ्यांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या, त्यांच्या नातवंडांना आज त्याच पावत्या ताब्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतात. काल जो कागद गुन्ह्याचा होता, तो आज हक्काचा झाला. ज्यांनी भीतीपोटी ती पावती फाडली, त्यांच्याकडे दाखवायला काही उरले नाही.

दादासाहेबांना १९६८ मध्ये पद्मश्री मिळाली. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी काँग्रेसशी केलेल्या समझोत्यावर आपल्याच लोकांनी कठोर टीका केली आणि ती पूर्णपणे चुकीची होती असे आम्ही म्हणणार नाही. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. २००४ पासून महाराष्ट्र सरकारची एक योजना त्यांच्या नावाने चालते, कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना. दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती व नवबौद्ध भूमिहीन कुटुंबांना ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन द्यायची, ही ती योजना. त्यासाठी जमीन विकत घ्यावी लागते. जिथे पर्यटनामुळे गुंठ्याचा भाव चढत जातो, त्या आमच्या किनाऱ्यावर सरकारी दरात जमीन विकायला कोण पुढे येणार? जमीन मागितली म्हणून ज्यांच्या अनुयायांना सरकारने तुरुंगात टाकले, त्यांच्याच नावाने सरकार आज जमीन देऊ करते. नाव मिळाले, जमीन अजून मिळायची आहे.

दीघनिकायातील कूटदंत सुत्तात राजा महाविजिताची गोष्ट आहे. राज्यात चोऱ्या-लुटालूट वाढल्या, तेव्हा त्याला सल्ला मिळाला की मारून, बांधून, हद्दपार करून हे थांबणार नाही. शेती करणाऱ्याला बी-बियाणे द्या, व्यापार करणाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला वेतन द्या. राजाने तसे केले आणि लोक दारे उघडी टाकून निर्धास्त राहू लागले. भगवान बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेली ही गोष्ट दादासाहेबांच्या निवेदनातल्या मागण्यांपेक्षा फार वेगळी नाही.

म्हणून आमचे आपल्या वाड्यांना सांगणे आहे. नोटीस आली तर लपवू नका, ती ग्रामसभेत वाचा. दंडाची पावती, जुनी घरपट्टी, वडीलधाऱ्यांचे जबाब जपून ठेवा. दावा फेटाळला तर अपील करा आणि एकट्याने जाऊ नका. बौद्धवाडीने कातकरवाडीचा दावा आपला मानावा, कारण दादासाहेबांच्या सत्याग्रहात हे दोघे एकत्र होते. आणि आपल्यातल्या एखाद्या कार्यकर्त्यावर जमिनीसाठी गुन्हा दाखल झाला, तर त्याच्या घरी निदान भाकरी पोचली पाहिजे. नाशिकला दादासाहेबांनी कामाची सुरुवात तिथूनच केली होती.

कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांना विनम्र अभिवादन. जय भीम!