उत्परिवर्तनाचे गणित मांडणारे हाल्डेन

गोंदिया जिल्ह्यात आढळणारा सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार जीवघेणा असूनही पिढ्यान्‌पिढ्या का टिकून राहिला, या प्रश्नाच्या उत्तराची दिशा जे. बी. एस. हाल्डेन यांनी दाखवली. ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने नैसर्गिक निवडीच्या सिद्धांताला गणिताची बैठक दिली. हिमोफिलियाच्या अभ्यासातून मानवी जनुकातील उत्परिवर्तनाचा वेगही त्यांनी १९३५ मध्ये काढला. घातक जनुकीय बदल मलेरियापासून संरक्षण देत असल्यामुळे टिकत असावा, हा विचार त्यांनी १९४९ मध्ये थॅलेसेमियाच्या संदर्भात मांडला. सिकलसेलबाबत त्याचा पुरावा अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दिला. हे जनुक माता-पित्यांपैकी एकाकडूनच आले, तर तीव्र मलेरियापासून बचाव होतो; दोघांकडून आले, तर आजार जडतो.

हाल्डेन १९५७ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले आणि पुढे भारताचे नागरिक झाले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. मलेरियाच्या साथीत तारक ठरलेले हे जनुक दोन वाहकांच्या विवाहात मात्र मारक ठरते. त्यांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. विवाहापूर्वीच्या रक्ततपासणीचे महत्त्व त्यातच आहे.